तळेबहादूर

फार पूर्वी, राजे स्वतः लढाईला जात असत तेव्हाची ही गोष्ट. एका राजाने शेजारच्या राज्यावर स्वारी केली आणि वर्षभरात अकरा गड जिंकले. गड जिंकला की तोफा उडत, साखर वाटली जाई आणि जिंकणाऱ्या सरदाराला त्या गडाच्या नावाचा किताब मिळे. किताब मोठे होते. सरदार त्या मानाने बेताचेच.

आता फक्त शत्रूची राजधानी उरली होती. तिचा दरवाजा फोडायला राजाने चाळीस हत्ती आणले होते. सर्वांत पुढे भागीरथी नावाची म्हातारी हत्तीण चाले आणि बाकीचे तिच्यामागे. तिचा माहूतही म्हातारा. तो तिला 'बाये' म्हणे आणि रोज आपली अर्धी भाकरी तिला देई. हत्तिणीच्या पोटाला ती कुठे पुरणार! पण तिला दिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

राजधानी जवळ आली तसा माहूत राजापुढे हात जोडून उभा राहिला.

"महाराज, उन्हाळ्यात इथले ओढे-नाले आटतात. पाणी राहतं ते डोंगराखालच्या एका तळ्यात. आधी ते तळं धरा."

राजाने सरदारांकडे पाहिले. "कोण जातं?"

कोणीच हलेना. शेवटी एक सरदार मिशीवर हात फिरवत म्हणाला, "जातो की, महाराज. पण किताब काय देणार? तळेबहादूर?"

सगळी छावणी पोट धरून हसली.

मग तळ्यावर वीस शिपाई पाठवले, सरदाराविना. शत्रूचे पंचवीस आले. जेवणवेळेच्या आत लढाई आटोपली आणि वीसही जण एकमेकांना सावरत, लंगडत परतले. राजाच्या बखरनवीसाने 'किरकोळ चकमक' असे दोन शब्द लिहिले आणि उरलेली शाई अकराव्या गडाच्या वर्णनासाठी राखून ठेवली.

चार दिवसांत पखाली रिकाम्या झाल्या. राजाने घाईघाईने दरवाजावर चाल करण्याचा हुकूम सोडला. भागीरथी दोन पावले चालली आणि खाली बसली. माहुताने तिच्या सोंडेवरून हात फिरवला. सोंड कोरडी होती, तापलेली.

"उठव तिला!" राजा ओरडला. "आधी दरवाजा, मग पाणी!"

"महाराज, ती आता उठली तर एकदाच उठेल. ते उठणं मी पाण्यासाठी ठेवतो."

"मुंडकं उडवीन!"

"उडवा. पण हिला पाजून येतो, मग उडवा."

माहुताने अंकुश तिथेच टाकला आणि तिच्या कानाशी तोंड नेले. "चल, बाये."

ती उठली. तो पुढे, ती मागे. तिच्यामागे उरलेले एकोणचाळीस हत्ती, आपापल्या माहुतांना न विचारता.

तळ्यावरच्या पंचवीस जणांनी भाले रोखले.

"मला बांधा," माहूत म्हणाला, "पण हिला पिऊ द्या."

त्यांच्या नायकाने भाला खाली केला. "बांधतो, आजोबा. आधी तुम्ही पाणी प्या. आणि मागे हे सगळे?"

"ते हिच्या शब्दाबाहेर नाहीत."

दरवाजा काही फुटला नाही. दुसऱ्या दिवशी अकरा किताबांचे धनी रिकामे तांबे घेऊन तळ्याच्या वाटेला लागले. सर्वांत मागे राजा होता, त्याच्याही हातात तांब्या. अकराही गड परत देऊन त्याला तह करावा लागला.

तह झाल्यावर माहूत आपण होऊन राजापुढे आला. "महाराज, मुंडकं आणलंय."

राजा ओशाळला. "राहू दे ते तुझ्याकडेच. एक किताब तेवढा द्यायचा राहिलाय."

आपला शेला त्याने भागीरथीच्या मस्तकावर ठेवला आणि 'तळेबहादूर' असे मोठ्याने म्हटले. या वेळी कोणी हसले नाही. भागीरथीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि माहुताच्या कमरेच्या फडक्याकडे सोंड वळवली. अर्धी भाकरी अजून यायची होती.

तात्पर्य एवढेच: लढाई लहान की मोठी हे तोफा मोजून ठरत नाही. जिच्या आधारावर बाकीच्या लढाया उभ्या असतात ती हरली, तर जिंकलेल्याही हातच्या जातात.