परसातली चूल

आपल्या पणजीलाही जे दिवस ऐकूनच ठाऊक होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका गावात एक विधवा बाई राहत होती. तिला मुलगा एकच आणि भीतीही एकच. आपल्या घरात दुसरी चूल पेटेल, ही ती भीती. त्या गावात दुसरी चूल पेटली की घर फुटलं असं समजत.

मुलाचं लग्न झालं. सून आली ती मोजकंच बोलणारी. सासूला वाटलं, जी तोंडानं बोलत नाही ती मनात काहीतरी शिजवत असणार.

घरामागचं परस उजाड होतं. तिथे बाग करू का, असं सुनेनं विचारलं. सासू हो म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

सुनेनं राखेनं जमिनीवर रेघा ओढल्या. इकडे अळू, तिकडे मोगरा, मधून वळणाची पायवाट. सासूला त्या हिश्श्याच्या रेघा दिसल्या. सुनेनं न्हाणीचं पाणी केळींकडे वळवलं. सासू मनाशी म्हणाली, आज पाणी वळवलं, उद्या मुलगा वळवेल. मेंदीचं कुंपण वाढलं, तर तो आडोसा झाला. मांडवावर दोडक्याचा वेल चढला आणि त्याच्या सावलीत नवराबायको हळू आवाजात बोलू लागली, तेव्हा तर सासूचा घास उतरेना. शेजारणीनं बागेचं कौतुक केलं.

"फुलतंय खरं," सासू म्हणाली. "काय फुलतंय ते कळेलच."

मग एके दिवशी सुनेनं माती कालवली आणि मांडवाच्या कडेला चूल घातली.

आता विचारायचं काय राहिलं? सासू तडक पंचांना घेऊन आली. यांनी वाटणी मागण्याआधी मीच देते, म्हणाली. माजघर आणि स्वयंपाकघर तिचं, ओसरी आणि परस त्यांचं. भांडीही निम्मी निम्मी. मुलाचा चेहरा लाल झाला. आईच्या मनात हेच असेल तर असू दे, एवढंच तो बोलला. पंचांनी मान डोलावली. पंचांपुढे झालेली वाटणी वर्षप्रतिपदेपर्यंत मोडायची नाही, असा त्या गावचा रिवाज होता.

उठता उठता त्यांतले एक म्हातारे पंच सुनेकडे वळले. "पोरी, ही चूल कशाला घातलीस?"

"आत धूर कोंडतो. सासूबाई रात्रभर खोकतात," सून खाली बघत म्हणाली. "सगळ्यांचा स्वयंपाक इथे वाऱ्यावर करायचा होता. ही वाळली की आतली मोडणार होते."

सासूनं पंचांकडे पाहिलं. पंच काठी टेकत म्हणाले, "शब्द गेला, बाई."

त्या संध्याकाळी त्या घरात दोन चुली पेटल्या. एक मोगऱ्याजवळ, मोकळ्या हवेत. दुसरी आत, आणि तिच्यापुढे सासू एकटी खोकत बसली होती.

म्हणून लहानथोरांनो, मनात शंका आली तर आधी तोंडानं विचारावं. न विचारता लावलेला अर्थ लावणाऱ्यालाच भोगावा लागतो.