उजव्या हाताची जागा

एकदा एका वृद्ध ख्रिस्ती गुरुजींच्या पंगतीत त्यांच्या आवडत्या शिष्याची जागा गेली.

जागा म्हणजे काही मोठे आसन नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. त्याला लागूनच गुरुजींचे दोन खोल्यांचे घर. दुपारच्या जेवणाला गुरुजींच्या उजव्या हाताला एक जुने घोंगडे अंथरलेले असे आणि त्यावर हा शिष्य, नथनेल, बसत असे. नऊ वर्षांत त्या घोंगड्यावर दुसरे कोणी बसलेले नव्हते. दाराशी येणाऱ्या गोरगरिबांना धान्य द्यायचे, औषध द्यायचे, आजाऱ्याला गाडीत घालून तालुक्याला न्यायचे, ही सगळी कामे नथनेलच करी. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, दीनदुबळ्यांविषयी जे जे लिहिले आहे, ते त्याला मुखोद्गत होते. शेताच्या कोपऱ्यांतले पीक कापू नका, ते गरिबांसाठी सोडा, हे त्यातल्या नियमशास्त्राचे सांगणे असो, की दरिद्र्याला तुडवून केलेले यज्ञ देवाला नकोत, हा संदेष्ट्यांचा संताप असो, नथनेल ते सांगू लागला की ऐकणारे माना डोलावत.

एका मंगळवारी लिंबाजी नावाचा एक म्हातारा दाराशी आला. पूर्वी तो दगडाच्या खाणीत कामाला होता. धोंडा पडून एक पाय निकामी झाला आणि काम सुटले. आता डोंगरावरच्या वस्तीतल्या एका झोपडीत तो एकटाच राहत होता. नथनेल नेहमीप्रमाणे भाकरी आणायला उठला, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "लिंबाजीराव, आत या. इथे बसा." आणि नथनेलकडे न पाहता म्हणाले, "तू जरा पलीकडे सरक."

एका दिवसाचा प्रश्न आहे, असे नथनेलने मनाला समजावले. पण गुरुजींनी लिंबाजीला दुसऱ्या दिवशीही बोलावले, तिसऱ्याही. पुढे तो रोजच काठी टेकत येऊ लागला. गुरुजी त्याच्यासाठी थांबत. त्याने फडक्यात बांधून आणलेली लसणाची चटणी मागून घेत. खाणीतल्या गोष्टी ऐकून ते असे मोकळेपणी हसत, की नथनेलला नवल वाटे. नऊ वर्षांत आपण त्यांना एकदा तरी असे हसवले का, हे तो आठवून पाही आणि त्याला घास गोड लागत नसे.

एके दुपारी गुरुजींनी विचारले, "गरिबाचे पांघरूण गहाण घेतलेत, तर सूर्य मावळण्याच्या आत ते परत करा, असे शास्त्र सांगते. ते का?"

नथनेलचे उत्तर तयार होते. न्याय आणि करुणा यांचा मेळ कसा घालावा, हे त्यातून शिकवले आहे, असे त्याने नेटकेपणाने मांडले. गुरुजींनी मान हलवली आणि ते लिंबाजीकडे वळले. "तुम्हाला काय वाटते?"

लिंबाजी घास गिळून म्हणाला, "रात्री अंगावर घ्यायला पांघरूण एकच असणार, बाबा. दुसरं काही असतं तर त्यानं तेच गहाण टाकलं असतं."

गुरुजींनी हातातला घास पानात ठेवला. मग हळूच म्हणाले, "चाळीस वर्षे मी हे वचन लोकांना समजावतो आहे. मला ते आज कळले."

नथनेल पानावरून उठला. ज्याला धड अक्षरओळख नाही, तो दोन वाक्यांत आपली नऊ वर्षे पुसून जातो, ही गोष्ट त्याला सहन होईना. लिंबाजीचे लंगडणे, त्याचे मचमच चावणे, त्याची ती चटणीची पुरचुंडी, सगळ्याचाच त्याला राग येऊ लागला. प्रार्थनेला डोळे मिटले तरी त्याला घोंगड्यावर बसलेला लिंबाजी दिसे.

शेवटी त्याला एक युक्ती सुचली आणि तीत त्याला काही वावगेही दिसले नाही. सकाळी त्याने महिनाभर पुरेल एवढी ज्वारी, डाळ, गूळ आणि एक नवे कांबळे बांधले, मजुराच्या डोक्यावर देऊन डोंगरावर नेले आणि लिंबाजीच्या दारात ठेवले. "बाबा, या पायाने रोज डोंगर उतरायचा, चढायचा, तुम्हाला त्रास होतो. आता यायची गरज नाही. संपले की मी आणखी आणून देईन."

लिंबाजीने एकदा गाठोड्याकडे पाहिले, एकदा नथनेलकडे. "बरं, दादा," एवढेच तो म्हणाला.

त्या दिवशी लिंबाजी आला नाही. नथनेल पुन्हा आपल्या घोंगड्यावर बसला. पण गुरुजींचे कान रस्त्याकडे लागलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी नुसतीच मोडून ठेवली. चौथ्या दिवशी, भर दुपारच्या उन्हात, ते जोडे घालू लागले. "लिंबाजीराव आजारी असतील. मी वर जाऊन येतो."

गुरुजींना चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागत असे. नथनेल त्यांच्या आडवा झाला. "ते आजारी नाहीत. मीच त्यांना येऊ नका म्हणून सांगितले." मग त्याने सगळे सांगून टाकले. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "मला त्यांचा हेवा वाटतो, गुरुजी."

आता ते रागावतील, असे त्याला वाटले होते. पण गुरुजींचा चेहरा उजळला. ते उंबऱ्यावरच बसले आणि त्यांनी नथनेललाही शेजारी बसवले.

"नऊ वर्षांत या दारी शेकडो माणसे आली. तू त्यांना किती दिलेस. कधी कुणाचा हेवा वाटला?"

"नाही. त्यांच्याकडे हेवा वाटण्यासारखे होते तरी काय?"

"हेच तू आजवर मानत आलास," गुरुजी म्हणाले. "दीन ते धन्य, हे प्रभूचे बोल तू किती वेळा वाचून दाखवलेस. एकदाही तुझा आवाज अडखळला नाही, कारण तुला ते खरे वाटतच नव्हते. हेवा माणूस आपल्या बरोबरीच्याचाच करतो, नथनेल. तुझे मन आडवाटेने का होईना, पहिल्यांदा एका गरिबाच्या बरोबरीला येऊन बसले. म्हणून मला आनंद झाला. पण ते गाठोडे मात्र दान नव्हते. ते तू त्यांच्या वाटेत घातलेले कुंपण होते."

मग ते म्हणाले, "तुला काही न सांगता मी सरकवले, ती माझीही चूक झाली. लिंबाजीरावांवर उपकार करावा म्हणून मी त्यांना जवळ बसवले नव्हते. गरिबांविषयीची वचने आपण नेहमी देणाऱ्याच्या बाजूने वाचतो. घेणाऱ्याच्या बाजूने ती मला कुणी वाचून दाखवली नव्हती. आता हा हेवा मनात धरून बसशील, तर त्याचे वैर होईल. तसाच ऊठ आणि त्यांच्याकडे जा."

नथनेल डोंगर चढून गेला. लिंबाजी चुलीशी बसून भाकरी थापत होता. नथनेलने दारातूनच हात जोडले. "बाबा, तुमच्या पायाची काळजी वाटली म्हणून मी ते धान्य आणले नव्हते."

"ठाऊक आहे मला," लिंबाजी म्हणाला. "आधी वाईट वाटलं. मग नंतर हसू आलं. आजवर लोकांनी माझी कीव केली, शिव्या दिल्या, तुकडा टाकला. पण माझ्यावर कुणी जळलं नव्हतं. शेजारणीला जाऊन सांगितलं मी, तो खालचा शिकलेला पोरगा माझ्यावर जळतो म्हणून. तिला काही पटेना."

त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. नथनेलच्या डोळ्यांत पाणी आले. लिंबाजीने तिकडे लक्ष दिले नाही. त्याने भाकरी तव्यावर टाकली आणि हाताने जमीन झाडली.

"बसा. उन्हातून आलात. जेवून जा."

नकार नथनेलच्या ओठांवर आला होता. दाराशी आलेल्यांना त्याने नेहमी वाढले होते; त्यांच्यापैकी कुणाच्या घरी तो कधी जेवला नव्हता. किती भाकरी होतील, आपण खाल्ली तर याला उरेल का, असे हिशेब त्याच्या मनात येऊन गेले. मग त्याने ते बाजूला सारले आणि चुलीशेजारी मांडी घातली. लिंबाजीने गरम भाकरीचे दोन तुकडे केले. त्यातला मोठा त्याच्यापुढे धरला.

नथनेलने दोन्ही हात पुढे केले आणि तो घेतला.