पाठमोऱ्या भिंतीचं लेणं

करंजखोऱ्यातली सगळी लेणी डोंगर कोरून काढलेली आहेत. फक्त तिसऱ्या लेण्याच्या तोंडाशी दगडांची रचलेली एक आडवी भिंत आहे. वेडीवाकडी, पुरुषभर उंच, खाली ताटाएवढी खिडकी. लेणी दाखवणाऱ्या गावातल्या शेवंताबाई कांबळे पाहुण्यांना तिथे बसवतात आणि सांगतात, ही भिंत गवंड्याची नव्हे, एका भिक्खूची आहे.

त्याचं नाव सोमरक्षित. खोऱ्यात दुष्काळ पडला तेव्हा याच लेण्यात तो रोज पेज शिजवून वाढत असे. त्याच्या करुणेचं नाव घाटाखालपर्यंत पोचलं होतं म्हणे, आणि ते ऐकायला त्यालाही गोड वाटे. सामा नावाची एक विणकरीण रोज गाडगं घेऊन येई. पदर ओढून कडेला उभी राही, पेज घेई आणि न बोलता निघून जाई. घरी तिचा आंधळा सासरा अंथरुणाला खिळला होता.

एके दिवशी घाट चढून व्यापारी आले. सोमरक्षित त्यांना करुणेवर प्रवचन देत होता. बोलता बोलता त्याने सामाकडे बोट केलं. "हिलाच बघा. काल हिच्या चुलीत राख नव्हती. आज हिचं गाडगं भरलं. करुणा म्हणतात ती हीच."

सगळ्या माना वळल्या. सामाने भरलेलं गाडगं तिथेच खाली ठेवलं आणि ती डोंगर उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. राग निवळला की येईल, असं म्हणत सोमरक्षित थांबला. अखेर मन खाऊ लागलं, तेव्हा पेज घेऊन तो तिच्या झोपडीशी गेला. सासरा दारात कापडाखाली निजवलेला होता. कंदमुळं उकरून सामाची नखं फुटली होती, पण म्हाताऱ्याला ती चावताच आली नव्हती.

सोमरक्षिताच्या हातातली पेज त्यालाच जड झाली. "माझ्यामुळे गेले," तो कसाबसा म्हणाला.

"भूक आमची होती, भंते," सामा म्हणाली. "तुम्ही ती चारचौघांत उघडी केलीत. मान खाली घालून उभे राहू नका आता. उचलायला दुसरं कुणी नाही. खांदा द्या."

त्याने खांदा दिला. वाटभर त्याला वर बघवलं नाही, असं सांगतात. परतल्यावर त्याने प्रवचन सोडलं आणि ओढ्यातले दगड पाठीवरून आणून ही भिंत रचली. आतून पेज सरकवायची. घेणारा दिसायचा नाही.

सामा पुन्हा कधी आली का? सोमरक्षितालाही ते मरेपर्यंत कळलं नाही. विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

आजही वैशाखी पौर्णिमेला गावातली माणसं त्या खिडकीत भाकरी ठेवतात आणि मागे वळून न बघता उतरतात. सकाळी खिडकी रिकामी असते. "कोण नेतं?" असं पाहुणे हमखास विचारतात. शेवंताबाई तेव्हा नुसत्या पदर सावरून उठतात.