ढाण्या चढ चढेल का?

गोष्ट फार पूर्वीची म्हणावी तर तेव्हा ट्रॅक्टर नव्हते, आणि कालपरवाची म्हणावी तर तुम्ही नाव-गाव विचाराल. तेव्हा एवढंच ऐका, की डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक म्हातारा ट्रॅक्टर होता. त्याचं नाव ढाण्या. तो होता हौसाआत्याचा, आणि हौसाआत्या होती साऱ्या गावाची. लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणायचे.

गावाची देवी डोंगरावर. चैत्रात यात्रा भरली की देवीचा लाकडी रथ वर न्यायचा, आणि तो ओढायचा मान ढाण्याचा. एक नाही, दोन नाही, बावीस वर्षं! हौसाआत्या हिरवं लुगडं नेसून, पदर खोचून स्टिअरिंगवर बसायची. ढोल कडाडायचे, गुलाल उडायचा, गावची पोरं रथात बसून आरोळ्या ठोकायची. अहो, त्या दिवशी आत्याला आभाळ ठेंगणं व्हायचं.

यंदा मात्र ढाण्याचं काही खरं दिसेना. सकाळी गार इंजिन उठता उठेना. उठलंच तर निळ्या धुराचा लोट. ऑइल तर ढाण्या असा प्यायचा की विचारू नका. आणि जोर लावला की आतून टक्‌टक्‌, टक्‌टक्‌. गावात कुजबुज सुरू झाली, की इंजिन आता उघडून दुरुस्त करायला झालं.

एके दिवशी सरपंच आत्याच्या दारात आले.

"आत्या, यात्रा नऊ दिवसांवर आली. दस्तगीर मिस्त्रींना बोलावू. इंजिन चांगलं आहे म्हणाले, तर मान तुझाच."

"आणि उघडावं लागेल म्हणाले तर?"

"तर पंधरा दिवस तरी जातील. मग यंदा दुसरा ट्रॅक्टर लावू."

दुसरा ट्रॅक्टर! तिच्या डोळ्यांदेखत!

मिस्त्री यायच्या दिवशी आत्या पहाटेच उठली. आधी तिनं ढाण्यातलं पातळ झालेलं ऑइल काढून चांगलं जाड ऑइल ओतलं. जाड ऑइलनं धूर दबतो आणि आवाजही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग थोडा वेळ इंजिन चालवून गरम केलं, म्हणजे पुन्हा सुरू करताना कुरकुर नको. वरून धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घातला. मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी तिची धांदल चालली होती.

दस्तगीर मिस्त्री आले. इंजिनाच्या बाबतीत पंचक्रोशीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी इंजिनावर तळवा टेकला आणि भुवई उचलली.

"आत्या, हे तर गरम आहे."

"आत्ताच रानातून आले की रे."

"गार असताना कसं उठतं?"

आत्यानं झेंडूचा हार उगाच सारखा केला. मग मान वर करून म्हणाली, "एका झटक्यात!"

मिस्त्रींनी स्टार्टर मारला. घर्रर्र! इंजिन लगेच सुरू. धूर नाही, आवाज नाही, ऑइलच्या दाबाचा काटा जागच्या जागी.

"खरं तर गार असतानाच बघायला हवं होतं," मिस्त्री म्हणाले. "पण तुझ्या शब्दावर विश्वास आहे. इंजिन उघडायची गरज नाही."

मग काय विचारता! गावानं एकच जल्लोष केला. आत्यानं घरोघरी साखर वाटली.

यात्रेचा दिवस उजाडला. ढोल, हलग्या, गुलाल, नुसती धमाल! एकोणीस पोरं रथात चढली. पहाटेच तापवून ठेवलेल्या ढाण्यामागं साखळी लावली आणि रथ निघाला. गावाला वळसा घालून चढाच्या पायथ्याशी येईपर्यंत तास गेला. इंजिन तापलं, जाड ऑइलही पातळ झालं, आणि आत्याच्या कानांनी ऐकलं: टक्‌टक्‌, टक्‌टक्‌!

ढोलांच्या गजरात ते दुसऱ्या कुणाला ऐकू येईना. आत्यानं ऑइलच्या काट्याकडं पाहिलं. काटा खाली चालला होता.

"एवढा एकच चढ," ती मनात म्हणाली. "बावीस वेळा चढलाय. आज नाही चढणार?"

तिनं मागं वळून पाहिलं. रथाच्या खांबाला धरून एक चिमुरडी उभी होती. केस गुलालानं माखलेले, आनंद नुसता ओसंडत होता. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "आत्या, जोरात ने गं!"

समोर उभा चढ, मागं बिनब्रेकचा रथ, आणि रथात ही लेकरं.

तिनं दांडी ओढून इंजिन बंद केलं.

ढोल थांबले. आत्या उठून उभी राहिली. "पोरांना आधी खाली उतरवा!" ती ओरडली. "मी खोटं बोलले. गार असताना ढाण्या उठतच नाही. जाड ऑइल घालून, गरम करून मी मिस्त्रींना दाखवला. मान जाईल म्हणून भ्याले रे मी!"

मिस्त्री पुढं आले. चेहरा लालबुंद.

"तापाची गोळी घेऊन डॉक्टरकडं जायचं आणि म्हणायचं, बघा, मला ताप नाही! अगं, माझ्या शब्दावर लोकांनी लेकरं बसवली रथात!"

"चुकलं रे बाबा," आत्या म्हणाली. तिला रडूच कोसळलं.

सरपंचांनी दुसरा ट्रॅक्टर मागवला. आत्यानं आपल्या हातांनी साखळी सोडली आणि त्याला अडकवली. रथ दणक्यात वर गेला. आत्या मागून चालत गेली, गुलालात, डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी इंजिन उघडलं. पिस्टनची एक रिंग तुटून तुकडे झालेली, बेअरिंग पार झिजून गेलेलं.

"वर पोचला असता का रे?" आत्यानं हळूच विचारलं.

"अर्ध्या चढावर जाम झाला असता, आणि रथासकट मागं घसरला असता."

खांबाला धरलेली ती पोर सारखी आत्याच्या डोळ्यांपुढं येत होती. पण ती घरी सुखरूप होती, आणि तेवढ्यानं आत्याला बावीस वर्षांच्या मानापेक्षा जास्त आनंद झाला.

पंधराव्या दिवशी सकाळी सगळं गाव आत्याच्या अंगणात जमलं. पोरं तर झाडावर चढून बसली.

"आत्या, हात लावून सांग," मिस्त्री म्हणाले.

"गारढोण!"

स्टार्टर मारला आणि ढाण्या पहिल्याच झटक्यात गरजला. आत्यानं चक्क फुगडी घातली!

"आत्या, आता रथ तूच ओढणार ना?" पोरांनी गलका केला.

"ते मिस्त्री सांगतील," आत्या हसून म्हणाली. "आणि त्यांनी विचारलं, तर जे असेल ते मी सांगेन."

तात्पर्य: पारखायला आलेल्या माणसापासून दोष लपवला, तर शाबासकी मिळते पण दोष तसाच राहतो, आणि चूक कबूल करायला उशीर झाला असला, तरी चढ लागायच्या आत ती कबूल करावी.