गुऱ्हाळवाला आणि अकरावा अध्याय

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी? तेव्हा शाळा नव्हत्या आणि बैल बोलायचे, एवढी जुनी. आता बैल बोलत नाहीत. बोलून बोलून दमले बिचारे. ऐकतंय कोण?

तर नदीकाठच्या एका गावात एक गुऱ्हाळवाला राहायचा. त्याचा गूळ सोन्यासारखा पिवळा. घरी बायको होती, गूळ शिजवणारा म्हातारा गुळव्या होता आणि उसाचा चरक ओढायला दोन बैलांची जोडी होती. सगळं झकास चाललेलं. पण झकास चाललेलं माणसाला बघवतंय होय?

एकदा पालखीत बसून एक महाराज आले. त्यांच्याकडे एक पोथी होती. मन शांत ठेवून श्रीमंत कसं व्हायचं, ते त्यात लिहिलेलं. गुऱ्हाळवाल्यानं काय केलं? जोडीतला एक बैल दिला आणि पोथी घेतली!

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, बैल कुठाय?"

"बैल काय घेऊन बसलीस? रोज एक अध्याय वाचायचा. लक्ष्मी आपल्या पायांनी चालत येते."

"येईल ना. बैल देऊन टाकलात, आता तिला पायीच यावं लागणार."

गोठ्यात उरलेला बैल म्हणाला, "मालक, आता चरक ओढायला माझ्या शेजारी पोथी जुंपणार का?"

"तू अज्ञानी आहेस," गुऱ्हाळवाला म्हणाला.

"आहेच," बैल म्हणाला, "पण चरक मलाच ओढायचाय."

दहाव्या दिवशी राजाकडून निरोप आला. राजकन्येचं लग्न ठरलं होतं. सगळ्या पंक्तींना गूळ लागणार होता. राजाचा मुख्य आचारी दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी येणार, समोर शिजलेला गूळ चाखणार, आवडला तर लग्नाचा गूळ ह्यांचा. आणि एकदा राजवाड्यात गूळ गेला, की मग नातवंडांपर्यंत बघायला नको. नाही आवडला, तर आचारी बांधापलीकडच्या गावात जाणार. तिथंही एक गुऱ्हाळ होतंच.

"बघ! आली का नाही लक्ष्मी?" गुऱ्हाळवाला नाचायलाच लागला. "अजून तर दहाच अध्याय झालेत!"

शुक्रवार उजाडला. एकटा बैल पहाटेपासून गरगर फिरत होता. तोंडाला फेस आला, पण रस पुरा काढला त्यानं. रस काहिलीत ओतला. काहील म्हणजे ही एवढी मोठी कढई, चार म्हशी बसतील एवढी. खाली जाळ पेटला. आचारी पाटावर बसून वास घ्यायला लागला.

आणि गुऱ्हाळवाला? अंघोळ करून अकराव्या अध्यायाला बसला! आजच! आत्ताच!

ह्या गुऱ्हाळात एक रीत होती. काहील उतरवताना पहिला हात मालकाचा लागायचा, मग बाकीचे उचलायचे. आणि पोथीचीही एक रीत असते. अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही, मध्ये बोलायचंही नाही. आता सांगा, ह्या दोन रीती एकाच दुपारी एकाच माणसाला गाठल्यावर काय होणार?

पाक उकळला, पिवळा झाला. गुळव्यानं थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बघितला. मऊ गोळी झाली. "मालक, आला गूळ! उतरवायचा!"

मालकानं एक बोट वर केलं. म्हणजे थांबा.

"मालक, थांबायला तो काय पाव्हणा आहे? गोळी कडक व्हायला लागली!"

मालकानं दोन बोटं वर केली. म्हणजे दोनच पानं राहिलीत.

बायको गुळव्याकडे वळली. "उचला हो तुम्ही! मी लावते हात!"

"मालकाच्या हाताशिवाय? नाही वहिनी. माझ्या बापानं कधी उचलली नाही."

"तुमच्या बापाला पोथीवाला मालक भेटला नव्हता!"

बैल ओरडला, "अहो, मला सोडा तरी! पोथीसकट उचलून आणतो त्याला!"

कोणी सोडलं नाही. गुऱ्हाळवाला डोलत डोलत वाचत राहिला. पाक तांबडा झाला, मग तपकिरी, मग काळा. धूर निघाला. आचाऱ्यानं नाकाला पदर लावावा तसं उपरण्याचं टोक लावलं, उठला आणि बांधापलीकडे चालता झाला.

इतक्यात गुऱ्हाळवाला अध्यायाच्या शेवटच्या ओवीवर आला. मोठ्यानं वाचली:

"वेळ ओळखोनि जो उठला । तोचि लक्ष्मीसी भेटला । वाचीत जो बैसला । तो मुकला सर्वस्वी ॥"

वाचली आणि मान वर केली. मग धुराकडे बघितलं. मग परत ओवीकडे.

"ही ओवी महाराजांनी सुरुवातीला का नाही लिहिली?" तो रडकुंडीला आला.

"सुरुवातीला लिहिली असती," बायको म्हणाली, "तर पुढची पोथी कोणी वाचली असती?"

लग्नाचा गूळ बांधापलीकडून गेला. गाडीला एक ओळखीचा बैल होता, अंगावर झूल, शिंगांना गोंडे. महाराजांनी तो पोथीच्या दिवशीच तिकडच्या गुऱ्हाळात विकला होता. आपला बैल बांधावरून बघत राहिला. त्याच्यापुढे घमेलं होतं, त्यात करपलेला काळा गूळ. माणसांनी तर तो तोंडात धरला नसता.

"कसा आहे रे?" गुऱ्हाळवाल्यानं खाली मान घालून विचारलं.

"कडू आहे, मालक," बैल म्हणाला. "पण पोथी खरी निघाली. तिनं उठायलाच सांगितलं होतं."

तात्पर्य: शहाणपण वाचून श्रीमंत होता येत नाही, ज्या क्षणी काम हाक मारतं, त्या क्षणी पोथी मिटून उठावं लागतं.