नगाऱ्याचं कातडं

फार जुनी गोष्ट आहे. मुलांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी अशी.

डोंगराखालच्या एका गावात सटवा नावाचा कारागीर नगारे मढवायचा. कातड्यासाठी त्याने कधी जनावर मारू दिलं नाही. आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचंच कातडं तो घ्यायचा. गाव त्याला फार मान देई, आणि त्यालाही त्याचा अभिमान होता. शिवाय त्याला गुरांचं औषधपाणी येत असे.

एका वर्षी देवळातला मोठा नगारा फाटला. यात्रा महिन्यावर आली. पण त्या वर्षी गावात एकही मोठं जनावर दगावलं नाही. सटवा रोज गोठ्यांवरून फिरायचा आणि नकळत म्हाताऱ्या गुरांकडे बघत राहायचा.

एके सकाळी कोंडाई म्हातारी धापा टाकत आली. "सटवा, माझ्या बैलाचं पोट फुगलंय रे! लवकर चल."

"तू हो पुढं, कोंडाई. औषध घेऊन आलोच."

हिंग आणि तेल समोरच्या फळीवर होतं. तरी सटवा घरभर शोधत राहिला. डोळ्यांपुढे त्या बैलाची रुंद पाठ येत होती. तो पोचला तेव्हा दुपार झाली होती आणि बैल गेला होता.

डोळे पुसत कोंडाईच म्हणाली, "त्याचं आयुष्यच तेवढं. कातडं तूच ने बाबा. तू काही त्याला मारलं नाहीस."

नगारा झाला. असा घुमला की लोक म्हणाले, "जीव न घेता केलेला नगारा असाच वाजायचा!" सटवाला ते ऐकवेना. तो उठून कोंडाईकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

कोंडाईने रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी वाटेकडे डोळे लावून बसले होते रे. तोही मान वळवून वळवून दाराकडेच बघत होता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं सटवाला वाटलं.

पुढे त्याने नगारे मढवणं सोडलं. कुठल्याही गोठ्यातून हाक आली की तो अनवाणी धावत सुटे. कितीतरी गुरं त्याच्या हातून वाचली. कोंडाईचा गोठा मात्र रिकामाच राहिला.

तात्पर्य : आपण मारलं नाही, एवढ्याने हात स्वच्छ राहत नाहीत; ज्याच्या मरणात आपला लाभ आहे, त्याला वाचवायला आपणच आधी धावलं पाहिजे.