अठरा मिनिटांचं गाणं

निरंजन उगले कोल्हापुरातल्या एका रॉक बँडसाठी गाणी लिहायचा. नव्या गाण्याच्या प्रकाशनाला त्याची आई सुलाबाई पापड लाटायचं सोडून तशीच आली. निरंजनला लाज वाटली. त्यानं तिला शेवटच्या रांगेत बसवलं.

प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं बोलले आणि शेवटी हसून म्हणाले, "अठरा मिनिटांचं गाणं! एवढं कोण ऐकून घेणार?"

मागून सुलाबाई उठली. "साहेब, तुमचं चाळीस मिनिटं ऐकलंच की आम्ही! त्याला तर चालसुद्धा नव्हती."

सभागृहात हशा पिकला. पाहुणे मुकाट्यानं खाली बसले.

निरंजन आईजवळ गेला, पण त्याला मान वर करवेना. "आई, तू आमची शेजारीण आहेस, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं."

"ऐकलं मी ते," सुलाबाई म्हणाली. "म्हणून तर भांडले. आई असते तर तुला लाज वाटेल म्हणून गप्प बसले असते."